दगडातला श्वास

सोडावॉटरच्या कारखान्यात सून म्हणून आल्यावर तिला पहिला धडा मिळाला तो हा, की बुडबुडे मुळात दगडात असतात. शिशाचं अस्तर दिलेल्या टाकीत संगमरवराचे तुकडे टाकायचे, वरून तेजाब सोडायचं. दगड फसफसतो आणि युगानुयुगं कोंडलेला श्वास सोडून देतो. तो वायू धुऊन पाण्यात दाबला की झाला सोडा. पूर्वी ते पोटदुखीवरचं औषध होतं. मग सासऱ्यांनी त्यात लिंबाचा गोड पाक मिसळला, आणि रोग्यांच्या जागी पोरंटोरं रांग लावू लागली.

दगड तिच्या माहेरचा. तिचे वडील थडग्यांवरच्या शिळा कोरत. छिन्नीखालचे कपचे पोत्यांतून इकडे येत.

"वहिनी," बाटल्या भरणारा धाकटा दीर बाटली फुटून काच उडालीच तर म्हणून तोंडावर बांधलेल्या जाळीच्या मुखवट्याआडून म्हणे, "तुमचे बाबा मेलेल्यांना नाव देतात आणि जिवंतांना ढेकर!"

ती हसे. मुलगी तापात गेल्यापासून कमी, पण हसे.

त्या मुलीची शिळा मात्र अजून उभी राहिली नव्हती. साऱ्या गावाच्या शिळा वेळेवर, आणि नातीच्या मातीवर नुसती वाकलेली फळी; दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. विचारलं की वडील म्हणत, "होईल गं. घाईचं काम नाही ते."

त्या सकाळी अर्धं पोतं टाकीत गेलं होतं, तेजाब सुटलं होतं. उरलेले तुकडे उचलताना तिच्या बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. कपचा खरबरीत असतो. हा घासून घासून मऊ केलेला. तिने तो उजेडात धरला.

कान होता. लहान मुलाचा. पाळीला खाच.

ती खाच तिच्या मुलीला जन्मतःच होती. न्हाऊ घालताना याच बोटांनी ती शेकडो वेळा पुसली होती.

"थांबवा!" ती किंचाळली. "टाकी थांबवा!"

"अहो वहिनी, काय झालं? भाजलं का?" दीर मुखवटा वर सारत धावला. "एकदा तेजाब भिडल्यावर कसं थांबणार ते?"

टाकी फसफसत राहिली. आत गाल असेल, हनुवटी असेल. आणि मग दुसरा, अधिक गार विचार आला: हे पहिलंच पोतं कशावरून?

वडिलांच्या कार्यशाळेत ती शिरली तेव्हा ते पाण्याने दगड धूत होते. तिने कान त्यांच्यासमोर ठेवला. म्हाताऱ्याचा हात पाण्यातच थिजला.

"बाबा, कितीदा?"

त्यांनी हात बाहेर काढून धोतराला पुसला.

"चुकत होतं का? जमत नव्हतं?"

"जमत होतं," ते म्हणाले. "दर वेळी जमत होतं. म्हणून तर फोडत होतो. एकदा तिथे नेऊन रोवली की संपलं ना गं. अर्धी असली की रोज सकाळी ती माझ्याकडे यायची."

"आणि तुकडे माझ्याकडे धाडलेत! मी माझ्या हातांनी... अख्ख्या गावाची पोरं प्यायली, बाबा!"

"माझ्या डोळ्यांसमोर पडलेले बघवत नव्हते." त्यांचा आवाज फाटला. "तू बघशील हे डोक्यातच आलं नाही. तुमच्याकडे दगड कोण बघतं, असं वाटलं."

भिंतीशी ओल्या फडक्याखाली काहीतरी उभं होतं. तिने फडकं ओढलं. कपाळ, पापण्या, हसण्याआधी किंचित मुडपलेले ओठ. फक्त उजवा कान अजून दगडातच होता. इतकं हुबेहूब की ती दोन पावलं मागे सरली.

मग तिने कोपऱ्यातला घण उचलला. म्हाताऱ्याने शिळेपुढे आडवे हात पसरले.

"नको गं, बाई, नको!"

"पाहिलंत?" ती म्हणाली. "ती फुटताना तुम्हालासुद्धा बघवत नाही." तिने घण खांद्यावर घेतला. "हा मी नेते. छिन्नी राहू द्या तुमच्याकडे. कान पुरा करा, बाबा. मी रोज येऊन बसेन."

दारात ती वळली, परत आली आणि तो खाच असलेला तुकडा मुठीत घट्ट आवळून घेऊन गेली.