हिंमतरावांच्या जागी दोन पोती

“किती झाले, मुनीमजी?” बोट घाटाला लागायच्या आधीच कादर मिस्तरी ओरडला.

“साडेतेरा मिनिटं,” मी घड्याळ मिटलं.

बोटीच्या मागच्या टोकाला गादीवर तक्क्याला टेकून बसलेल्या हिंमतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती साडेतेरा मिनिटं मीच खाल्ली. शेजारी डोंग्यात बसून कारभारी नावाचा भोई विडी ओढत होता. त्यानं सकाळीच घाटापासून वरच्या चिंचेपर्यंत जाऊन परत यायला दहा मिनिटं घेतली होती, तीही एका हातानं. दुसऱ्या हातात विडी होती.

“मिस्तरी,” कारभारी म्हणाला, “तुही मोटर चालते कमी अन् खोकलते जास्त. तिले आद्रकाचा रस पाज बे.”

ही विलायती मोटर हिंमतरावांनी बदली झालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात बोटीसकट उचलली होती. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची, दोरी गुंडाळून हिसका द्यायचा, की खाली पाण्यात पंखा फिरतो. साहेबानं ती वीस वर्षं वापरली आणि बदली झाल्यावर बरोबर नेली नाही, यावरून शहाण्यानं काय ते समजावं. पण हिंमतरावांनी डोणगावच्या बाजारात चार माणसांसमोर सांगून टाकलं होतं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली मोटर कारभाऱ्याच्या डोंग्याला मागे टाकणार.

हिंमतराव मेहकरच्या जिनिंगचे भागीदार. मी तिथला मुनीम, आणि कादर तिथल्या इंजिनावर एकोणीस वर्षं. त्याच सुमारास अकोल्याहून एका सर्टिफिकेटवाल्या मिस्तर्‍याचा अर्ज आला होता. अर्ज मीच वाचून दाखवला. हिंमतराव म्हणाले होते, “कादर, या मोटरीनं डोंगा मागं टाकला तं इंजिन तुह्याच हाती राह्यते. नाही तं कापूस यायच्या आंधी अकोलेवाला येते.”

कादर फक्त “हाव मालक” म्हणाला. एकोणीस वर्षांत हिंमतरावांना तो याहून जास्त काही बोलल्याची माझ्याकडे नोंद नाही.

त्यानं मोटर जिनिंगच्या इंजिनघरात आणून उलगडली. आतून चुलीच्या तव्यासारखी काजळी निघाली. यात थोडा दोष त्याचाच होता. मोठ्या इंजिनाची सवय. जास्त तेल म्हणजे जास्त माया, असा त्याचा हिशेब. पेट्रोलात त्यानं दुप्पट तेल ओतलं होतं आणि ती बिचारी धूर ओकत होती. मग त्यानं तेल बेतानं घातलं, काजळी खरवडली, ठिणगीचा प्लग घासून लख्ख केला. वेळ आली साडेबारावर. नदीतल्या दगडांनी पंख्याची पाती वाकली होती, ती लाकडी हातोडीनं हळूहळू सरळ करून कानशीनं घासली. वेळ साडेअकरा.

त्याची बायको गौसिया डबा घेऊन आली की दारातूनच टोमणा मारायची, “मुनीमजी, इनसे बोलो, इसी के साथ निकाह पढ़ लें. मेरे से तो इत्ता कभी नहीं बोले.” कादर खरंच मोटरीशी बोलायचा. माणसांसाठी फारसं उरायचं नाही.

पण साडेअकरावर गाडी अडली ती अडली. पोळ्याला दोन दिवस उरले.

त्या दुपारी हिंमतराव जेवून झोपले होते. कादर म्हणाला, “मुनीमजी, सरकीचे दोन पोते द्या.”

“कशाला?”

“मालक म्हनून बसवतो.”

मी पोती दिली. हिंमतराव जिनिंगच्या काट्यावर एकदाच चढले होते, आणि तो आकडा मी वहीत लिहिला नव्हता. पण लक्षात होता. दोन पोती, वर अर्धा मण. कादरनं ती आधी मागं ठेवली, गादीच्या जागी. बोटीचं नाक आभाळाकडे आणि शेपूट पाण्यात. साडेअकरा मिनिटं. मग तीच पोती त्यानं पुढच्या टोकाला नेऊन ठेवली. नाक खाली आलं, बोट सपाट झाली, पंख्याचा आवाज मोकळा झाला.

नऊ मिनिटं.

मी दोनदा घड्याळ पाहिलं. कादर बोटीत उभा राहून हसत होता, आणि मग एकदम हसायचा थांबला. पोती सांगू तिथं बसतात.

“तुमी सांगा ना मालकाले,” तो म्हणाला.

“मी? माझी मुलगी लग्नाची आहे, कादरभाई.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांना सुटी, म्हणून माणसंही मोकळी. घाटावर अर्धं मेहकर जमलं. हिंमतराव नवा फेटा बांधून आले आणि बघतात तर गादी-तक्क्या बोटीच्या पुढच्या टोकाला.

“हे कोनं केलं?”

“म्या, मालक,” कादर म्हणाला.

“काऊन? दमणीत मालक कोठी बसते रे? मांगं! पुढं तं हाकणारा बसते. मले गाडीवान समजतं का तू?”

मी वहीत डोकं घातलं. कादरच्या कानशिलावरून घाम उतरत होता.

“मालक,” तो म्हणाला, “दमणीत बैल पुढं असते, म्हनून मालक मांगं. इथं बैल मांगं हाये.”

त्यानं मोटरीवर हात ठेवला.

हिंमतरावांनी मोटरीकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं, मग पुन्हा मोटरीकडे. कोणीतरी मागून म्हणालं, “बराबर हाये.” हिंमतराव पुढं जाऊन बसले.

कारभाऱ्यानं त्या दिवशी विडी पेटवली नाही. दोन्ही हातांनी वल्हं मारलं, आणि चिंचेपर्यंत तो पुढंच होता. पण वळणावर बोटीनं त्याला गाठलं. घाटाला ती लागली तेव्हा डोंगा तिच्या मागे चार हात होता. नऊ मिनिटं आणि वर थोडं. मी आकडा लिहिला.

हिंमतरावांना आता खाली उतरवतो कोण? “आनखी एक चक्कर! मुनीम, तुमीबी या!”

“मालक, पेट्रोल कमी हाये,” कादर म्हणाला. ऐकायला कोणी तयार नव्हतं.

चिंचेपाशी वळलो आणि मोटर एकदा खोकून गप्प झाली. बोट डोहात हळूहळू गोल फिरू लागली. लांबून कारभाऱ्याचं हसू पाण्यावरून आलं, त्यामागून डोंगा आला.

“मिस्तरी, दोर फेक!” तो म्हणाला. “माह्या डोंग्याले पेट्रोल लागत नाही. निस्ती भाकर लागते.”

दोर बांधला. डोंगा पुढं, आम्ही मागं, असे निघालो. तेवढ्यात हिंमतराव उठले. बोट डुलली, मी कडा घट्ट धरली. तक्क्या काखेत मारून ते मागच्या टोकाकडे येऊ लागले.

“मालक, काऊन उठले?” कादर घाबरला.

“काऊन म्हंजे? बैल आता पुढं आले ना बे!”

कारभारी वल्हं सोडून हसला. कादर हसला. मीही हसलो, मालकांकडे न बघता.

हिंमतराव मागं ऐसपैस बसले. घाट जवळ आला तेव्हा म्हणाले, “मुनीम, त्या अकोल्याच्या मिस्तर्‍याले कागद लेहा. म्हना, जागा खाली नाही.”

“काय कारण लिहू?”

“कारन काय लेहता? मिस्तरी हाये म्हना आमच्यापाशी.”

कादरनं डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल टाकतात तसा त्या गरम मोटरीवर नीट पसरला. मग मालकांना मागची जागा मोकळी सोडून तो पुढच्या टोकाला गेला आणि दोराशी बसला. एकोणीस वर्षांत मी त्याला बोडका पाहिला नव्हता. सगळे केस पांढरे झाले होते.