विझू न दिलेली चूल

मोंटानातली सरकारी जमीन नावावर व्हायला तिथं सलग पाच वर्षं राहावं लागे. वडील दूर चांदीच्या खाणीत असत, म्हणून केझाया आणि तिची आई घर राखत. गेल्या हिवाळ्यात आईला ताप चढला, तेव्हा डॉक्टरकडे न्यायला केझायानं गाडी जुंपली होती.

"वेडी का काय तू? चूल विझली की घर रिकामं धरतील, जमीन गेली!" म्हणत आई उठलीच नाही. आठवड्याभरात ती वारली.

आज पाच वर्षं भरली. जमिनीच्या कचेरीत वडिलांनी "एक दिवसही घर सोडलं नाही" असं सांगताच कारकून हसला. "अहो काका, सलग म्हणजे काय जन्मठेप? आजारपणात महिना-दोन महिने गेलात तरी चालतं."

वडिलांनी जमिनीच्या कागदावर टेकवलेला टाक उचलून घेतला. "चूल विझू देऊ नकोस, असं मीच तिला बजावलं होतं."

"बाबा," केझाया म्हणाली, "सही करा."