पिराजीच्या होडीतला करंट

आमच्या गावचा तलाव बहात्तरच्या दुष्काळात आम्हीच खोदला. सुकडी खाऊन, डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहून खोदलेला तलाव. त्यामुळं पुढं तो भरला तेव्हा त्याच्यावर प्रत्येकाचाच हक्क निघाला आणि एका तलावावर दोन सोसायट्या उभ्या राहिल्या. एक उपसा सिंचनाची, दुसरी मासेमारीची. पहिलीच्या पंपावर मी ऑपरेटर होतो. दुसरीच्या होडीवर माझा बालमित्र पिराजी होता.

मासेमारी सोसायटीचे चेअरमन अण्णाराव. त्यांनी जन्मात मासा तोंडात घातला नव्हता. निदान हा माणूस तरी मासे खाणार नाही, एवढ्याच भरवशावर सभासदांनी त्यांना निवडून दिलं होतं.

होडी जर्मनची होती. अ‍ॅल्युमिनियम हा शब्द मी पुढं प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलो, आणि तो लिहिताना अजूनही एकदा थांबावं लागतं. आम्ही जर्मनच म्हणत होतो. पातेलं जर्मनचं, डबा जर्मनचा, तशी होडीही जर्मनची. ट्रकमधून ती उतरली तेव्हा ऊन लागून अशी चमकली की पिराजीची बायको चांगुणा म्हणाली, "ह्यात मासे धरायचे का वरात काढायची?"

पाण्यात सोडायच्या दिवशी अण्णारावांनी पूजा केली. होडीच्या पुढच्या टोकाला, नाकाडात, तांदळाची मूठ ओतून तिच्यावर पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश मांडला, काथ्याच्या दोरीनं तो आवळून बांधला आणि भाषण केलं. "तळ्यात पाण्याच्या देवी, साती आसरा, राहत्यात. हा कलश जागचा हलला न्हाय, तवर त्यांची नजर या होडीवर राहील. मी मांडलाय, माझ्याबिगर कुणी हलवायचा न्हाय."

तांदूळ दुसऱ्याच दिवशी चिमण्यांनी नेले. कलश राहिला. चांगुणा रोज सकाळी तो जागच्या जागी भरायची, जागच्या जागी पुसायची, पण तसूभरही हलवायची नाही.

चांगुणाला त्या होडीची माया होती, आणि ती समजण्यासारखी होती. लग्नापासून दरसाल दसरा झाला की ती आणि पिराजी कोयते घेऊन ढोकीकडं ऊसतोडीला जायचे. होडी आली त्या वर्षी पहिल्यांदा ती दोघं दिवाळीला आपल्या घरात होती. चांगुणानं दारापुढं तुळस लावली. "आता हिला पाणी घालायला मी हाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

वर्ष सरता सरता कलशाच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसायला लागली. पिठासारखी मऊ. पुसली तरी आठ-दहा दिवसांत पुन्हा जमायची. चांगुणानं ती चिमटीत धरली, उजेडात बघितली आणि कपाळाला लावली.

"आसरांनी अंगारा दिला," ती म्हणाली.

सोनारीच्या भैरवनाथाचा अंगारा आणायला दिवस मोडावा लागायचा. हा तळ्याच्या काठावरच मिळत होता. मग काय विचारता! पोराला ताप आला की अंगारा, म्हैस आटली की अंगारा. अण्णाराव तर बँकेच्या कामाला निघताना वाट वाकडी करून यायचे आणि कपाळ पुढं करायचे. सगळ्या काठावर कोरं कपाळ एक माझंच. आमच्या घरात छप्पन सालापासून अंगारा-धुपारा बंद. चांगुणा ते जाणून होती, पण टोमणा मारल्याशिवाय तिला करमायचं नाही.

"लिंबाजीभाऊ, चिमूटभर लावून तर बगा. पंप तरी कमी बोंबलंल."

"पंप बोंबलतो म्हणून गावाला पाणी मिळतंय, वैनी. तुमच्या आसरा गप बसून काय देत्यात?"

"गप बसत्यात, हेच लई देत्यात. तुमच्याकडून तेबी हुत न्हाय."

असं आमचं चालायचं. मग दुसऱ्या वर्षी होडी पाझरायला लागली.

आधी थेंब थेंब. पिराजीनं कलशाच्या भोवती डांबर थापलं. पाझर थांबेना. पाणी नाकाडाच्या बाजूनं येत होतं, पण नेमकं कुठून ते दिसत नव्हतं. पिराजी दिवसभर मासे कमी आणि पाणी जास्त काढायला लागला. कुणीतरी अण्णारावांच्या कानावर घातलं, आणि ते कपाळाला अंगारा लावूनच चौकशीला आले.

"पिराजी, सरकारी अनुदानाची वस्तू हाय ही. दगडावर घासलीस न्हवं?"

"देवाशपथ न्हाय, अण्णा. ह्या होडीला करंट खातोय."

"कसला करंट?"

पिराजीनं हात लांब केला, तो थेट माझ्या पंपाकडं. होडी चोरीला जाऊ नये म्हणून तो ती साखळीनं पंपाच्या लोखंडी पाइपाला बांधायचा. "पंप चालू आसला की माझ्या पायाला मुंग्या येत्यात. पाइपातून करंट साखळीत, साखळीतून होडीत. तोच पत्रा खातोय."

"मुंग्या येत्यात, कारण तू दिसभर उकिडवा बसतूस," मी म्हणालो. "जरा उभा ऱ्हात जा."

"बगा अण्णा, कसा बोलतोय. चोराला बोलायला लागतंच."

अण्णारावांनी निवाडा दिला. जळालेल्या मोटारीचं वायंडिंग भरणारा अणदूरचा गुंडाप्पा बोलवायचा. मीटर लावून तपासायचं. पंपाचा करंट निघाला, तर सिंचन सोसायटीनं होडी दुरुस्त करून द्यायची. नाही निघाला, तर होडी पिराजीकडून काढून सोमलिंगला द्यायची. सोमलिंग हाही सोसायटीचाच सभासद, मागचं वर्षभर होडीवर डोळा ठेवून होता.

त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. पंप माझा. त्याच्यात दोष निघाला तर लोक मला नावं ठेवणार. नाही निघाला तर पिराजी आणि चांगुणा ढोकीला. मी रोज पंपाला तेल-पाणी करायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, बाबा, एवढ्या एका दिवशी खरंच थोडा करंट सोड.

गुंडाप्पा सायकलवरून आला. मीटरची पेटी त्यानं लेकराला झोळीत घ्यावं तशी पोटाशी बांधली होती. पिराजी, चांगुणा, अण्णाराव, मी, सगळे काठावर जमलो. होडी गुडघाभर पाण्यात साखळीला बांधलेली होती. गुंडाप्पानं चप्पल काढली, पँट वर गुंडाळली आणि मीटरची एक वायर होडीच्या पत्र्याला लावली, दुसरी पाण्यात सोडली.

"चालू करा री पंप."

मी स्टार्टर दाबला. पंप बोंबलायला लागला. सगळे काट्याकडं बघत होते. काटा हलला नाही. गुंडाप्पानं वायर साखळीला लावली, मग पाइपाला, मग मोटारीच्या अंगाला. काटा झोपलेला.

"परत एकदा बगा की," मी म्हणालो. "मीटर बिघडलं आसल."

गुंडाप्पानं मला वर-खाली न्याहाळलं. "अय्यो, पंधरा वर्षं मोटारी भरतोय. आपली मोटार चांगली हाय म्हणल्यावर रडणारा ऑपरेटर पयल्यांदा बगितला."

त्यानं माझ्या समाधानासाठी खांबावरून येणाऱ्या चालू वायरीला लावून आपलं मीटर तपासलं. काटा टुणकन उडाला. मीटर ठीक होतं. पंपही ठीक होता. आता काहीच राहिलं नव्हतं. मी पंप बंद केला. एकदम शांत झालं.

"लिंबाजीभाऊ," चांगुणा म्हणाली, "तुमचा पंप लई गुणाचा निघाला हो." तिनं नेहमीसारखंच म्हटलं, पण पदर तोंडाला लावला.

पिराजीनं होडीतली वल्ही उचलली आणि काठावर आडवी ठेवली. अण्णारावांनी घसा खाकरला. "नियम तो नियम. सोमलिंगला सांगावा धाडतो."

गुंडाप्पा मीटर आवरायला लागला. लांबून आलेला माणूस रिकाम्या कपाळानं कसा जाऊ द्यायचा, म्हणून चांगुणा होडीपाशी गेली, कलशाच्या बुडाशी बोट फिरवलं आणि चिमूटभर अंगारा त्याच्या कपाळाला लावला. उरलेला हातावर दिला. आपली होडी जात असतानाही ती हे विसरली नाही, हे मला अजून आठवतं.

गुंडाप्पानं हातावरचा अंगारा दोन बोटांत चोळला. नाकाला लावला. मग जिभेचं टोकही लावलं आणि थुंकला.

"अंगाऱ्यावर थुकतोस?" अण्णाराव ओरडले.

"हा कुठल्या देवाचा अंगारा, साहेब? ह्यो देव मला रोज भेटतोय. खांबावर."

"म्हंजी?"

"तांब्याची वायर आन जर्मनची वायर एकात एक पिळून जॉइंट मारला, की पावसाळ्यात त्या जॉइंटाला हेच पीठ सुटतं. जर्मन झिजून झिजून त्याची भुकटी हुती. ही सोयरीक जमतच न्हाय. वरून पाणी मिळालं की भांडण जुंपतं, आन भांडणात सदा जर्मनच मरतं." तो होडीकडं वळला आणि कलशाकडं बघून थांबला. "हा तांब्याचा काय?"

"तांब्याचा," पिराजी म्हणाला.

"पत्र्यावरच बसलाय?"

"पयल्या दिवशी तांदूळ हुते खाली. चिमण्यांनी खाल्लं."

"मंग हलवा त्याला. खाली बगू या."

कुणी हललं नाही. पिराजी मागं सरकला. चांगुणानं हात जोडले. माझ्याकडं गुंडाप्पानं बघितलं, पण दुसऱ्याच्या देवाला हात लावायला मी कशाला जाऊ? मी अण्णारावांकडं बघितलं. सगळेच अण्णारावांकडं बघायला लागले.

"माझ्याकडं काय बगता?" अण्णाराव म्हणाले. "तसं काय आसत न्हाय. आसरांच्या कलशानं होडीला भोक पडंल व्हय? उलट राखण हाय ती."

"खरं हाय," चांगुणा म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं. आता तिचा नेहमीचा आवाज परत आला होता. "नका हलवू, अण्णा. हाय तशी द्या सोमलिंगला. त्यालाबी राखण लागंलच की. भोक मोठं झालं तर त्याला पवता येतंच. फकस्त तुमी त्याच्या होडीत बसू नका."

"चांगुणे, चेष्टा करतीस?"

"न्हाय, अण्णा. तुमीच म्हणला हुता, तुमच्याबिगर कुणी हलवायचा न्हाय. आमी दोन वर्सं तुमचा शब्द पाळला. पुसताना बोटबी जपून फिरवलं. आता तुमीच सांगा काय करायचं."

अण्णारावांनी धोतराचा सोगा खोचला. होडीत चढले, तशी होडी थोडी कलली. नाकाडापाशी जाऊन त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आसरांची माफी मागितली. दोरी सोडली. कलशाला दोन्ही हातांनी धरलं आणि उचलायला गेले.

कलश उठेना. बुडाला डांबर आणि पांढरी पापडी मिळून तो पत्र्याला घट्ट धरून बसला होता. अण्णारावांनी जोर लावला. कट्टकन आवाज झाला, कलश सुटला आणि अण्णाराव कलशासकट मागं फळीवर बसले.

कलश होता तिथं होडीच्या बुडाला एक गोल उमटला होता. वाटीच्या काठासारखा, कलशाच्या बुडाएवढाच, नेमका. आणि त्या गोलातून पाणी वर येत होतं. एका जागेतून नाही, सगळ्या गोलातून, फुटलेल्या पापडीच्या भोकाभोकातून बारीक कारंजी उडत होती.

"अण्णा, उतरा," पिराजी म्हणाला.

अण्णाराव उतरले नाहीत. ते त्या गोलाकडं बघत होते. पाणी त्यांच्या पायांच्या बोटांना लागलं, घोट्याला लागलं. होडी गुडघाभर पाण्यात सावकाश खाली बसली, आणि सोसायटीचे चेअरमन छातीशी कलश धरून फळीवर तसेच बसून राहिले, वरातीतल्या नवरदेवासारखे.

गुंडाप्पाला राहवलं नाही. त्यानं कलश मागून घेतला, बुडाखाली ओली चिंधी ठेवून होडीच्या सुक्या काठावर टेकवला आणि मीटरचं बटण फिरवून एक वायर कलशाला, एक पत्र्याला लावली. काटा अलगद वर सरकला.

"बगा. ना पंप, ना खांब. रेडिओच्या सेलात आसतो तसला करंट. ह्यो घरचाच हाय."

"म्या म्हणलंच हुतं, करंट हाय म्हणून!" पिराजी ओरडला. "आन लिंबा म्हणतोय, मुंग्या आल्या!"

"मुंग्याच त्या," गुंडाप्पा म्हणाला. "ह्या करंटानं मुंगीलाबी काय हुत न्हाय."

चांगुणा पाण्यात उतरली आणि अण्णारावांपुढं हात धरला. तो धरून ते होडीतून बाहेर आले. काठावर उभे राहून त्यांनी धोतर पिळलं. बराच वेळ पिळलं. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "होडी पिराजीकडंच राहू दे. पत्रा मारून घ्यायचा खर्च माझा. सोसायटीचा न्हवं, माझा. आन सोमलिंगला ह्यातलं कुणी काय सांगू नका."

पिराजीनं वल्ही उचलली आणि खांद्यावर टाकली. चांगुणानं कलश घासून, पुसून बाभळीखालच्या दगडावर मांडला. तिथं आसरांना सावलीही होती. तो आजही तिथंच आहे आणि ती आजही रोज भरते. आता फक्त खाली दगड आहे आणि दगडाला काही होत नाही. त्या साली दसरा आला आणि गेला, चांगुणाची तुळस छातीएवढी झाली होती.

होडी तपासली त्याच संध्याकाळी तिनं माझ्याकडं सकाळी धरलेला रोहू पाठवला. सोबत निरोप होता, पंपाला दाखवून मग खा, त्याच्यावर आळ घेतला होता.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. गुंडाप्पा सायकलवर बसत होता तेव्हा अण्णाराव त्याच्याजवळ गेले. मी पाइपाला साखळी गुंडाळत होतो, त्यांना दिसत नव्हतो. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, कपाळावरून ओला हात फिरवला आणि हळूच विचारलं, "गुंडाप्पा, हे पीठ वरीसभर लावलंय. डोक्याला तर काय हुत न्हाय न्हवं?"

गुंडाप्पानं विचार केल्यासारखं केलं.

"डोकं जर्मनचं आसलं तरच, साहेब," तो म्हणाला आणि पायडल मारलं.