शॉवरवर जळणारी बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. मुलींच्या वसतिगृहात, दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात राहते. आधीच कबूल करते, मी भारी मत्सरी आहे.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. कडी बसवल्यावर त्याने मला काठोकाठ भरलं आणि बुडाखाली कागद घालून तासभर वाट पाहिली. कागद कोरडाच राहिला. "पंधरा लिटरची आहे, पण कुणाला दगा देणार नाही," तो म्हणाला. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

वसतिगृहात माझा थाट काय वर्णावा! सकाळी बादल्यांची रांग लागे. मुली कडीला आपापली चिंधी बांधत आणि पुन्हा झोपायला जात. जिची बादली पुढे, तिचा नंबर पुढे. दुसरीची बादली मागे सारायची कुणाची छाती नव्हती. सफाईच्या मावशी नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "एवढ्यात अंगही धुऊन होतं आणि केसही."

मग तो आला. शॉवर! चकचकीत, उंचावरून सगळ्यांकडे बघणारा. जोडीला गिझर, सदान्‌कदा लाल दिवा लावून बसलेला. मुलींनी त्यांचे फोटो काढले. माझा फोटो इतक्या वर्षांत कुणी काढला नव्हता. माझा नुसता जळफळाट झाला. बाकीच्या बादल्या भंगारात गेल्या आणि मी कोपऱ्यात ओलं फडकं सांभाळत बसले.

बादल्या गेल्या, मग नंबर लावायचा कसा? मुलींनी युक्ती काढली. शॉवर सुरू करायचा, दार ओढून घ्यायचं आणि खोलीत चहा प्यायला जायचं. आत पाणी वाजतंय म्हणजे नंबर लागलेला! रिकाम्या न्हाणीघरात ते महाशय एकटेच न्हात बसत. तापवलेलं पाणी वाफा सोडत मोरीत जाई. मला त्या पाण्याची हळहळ वाटायला हवी होती. पण खरं सांगू? माझ्या वाट्याचं पाणी हा उधळतोय, एवढंच मला दिसे. एकदा टाकी आटावी आणि याची जिरावी, असं मी रोज मनात म्हणे.

तसंच झालं.

मला वापरणारी एकच मुलगी उरली होती, चष्मिस. त्या दिवशी तिची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आठला प्रयोगशाळेचं दार बंद. उशीर झाला की वर्ष वाया. साडेसातला तिने माझ्यातल्या तळापुरत्या पाण्याने केस भिजवले, साबण चोळला आणि मला पुन्हा नळाखाली ठेवलं. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. शेजारचा शॉवरही थांबला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण क्षणभरच. चष्मिसच्या डोळ्यांत साबण गेला होता. ती मला दोन्ही हातांनी चाचपत होती आणि मी रिकामी होते.

"पाणी गेलं! अगं, कुणी आहे का?" ती रडकुंडीला येऊन ओरडली.

तिच्या खोलीतली मैत्रीण, ढमी, धावत आली. "जाईल कसं? अर्धा तास झाला, शेजारी तुझाच नंबर लावून ठेवलाय मी! म्हटलं, परीक्षा आहे, पटकन आवरेल."

"मी कधी शॉवर घेते का गं, बाई?"

आरडाओरडा ऐकून आलेल्या मावशींनी कपाळावर हात मारला. "भलं केलंस! प्रत्येक मजल्यावर हीच तऱ्हा. टाकी टिकेल कशी?" त्यांनी मला ढमीच्या हातात कोंबलं. "अंगणातल्या हौदात आहे थोडं. पळ!"

ढमी दोन जिने उतरली, मला भरून पुन्हा चढली. मी तिच्या पोटरीवर आपटत होते आणि ती पायरीपायरीला "आई गं" म्हणत होती. वर आल्यावर तिने मला धपकन खाली ठेवलं.

"एका अंघोळीला एवढं पाणी लागतं?"

"एवढंच लागतं," मावशी म्हणाल्या. "तुझ्या नंबरात अशा वीस बादल्या गेल्या."

ढमीने शेजारी जाऊन शॉवरचा उघडा नळ घट्ट पिळला.

चष्मिस ओल्या केसांनीच पळाली. शिपाई दार लावत असताना आत शिरली, असं संध्याकाळी समजलं. आता मुली दाराबाहेर रिकामे मग ठेवून नंबर लावतात. साहजिकच मी हल्ली मगांवरही जळते.

शॉवरवर मात्र पूर्वीइतकी नाही. त्या सकाळी तोही कोरडा पडला, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मला आपणहून भरता येत नाही, तसं त्याला आपणहून बंद होता येत नाही. हात तुमचाच लागतो. मित्रांनो, बाहेर पडताना तो हात नळावर आणि गिझरच्या बटणावर जाऊ द्या. नाहीतर एखाद्या सकाळी तुमच्याच जिवाभावाच्या माणसाच्या डोळ्यांत साबण जाईल, आणि मी त्याच्या हाताशी असूनही रिकामी असेन.