गुंडाळायचा पडदा

"पडदा आजच पायजे, टेकचंद. टेम्पो सांगून ठेवला मी," नाटक मंडळीचे मालक वासुदेवराव दारातूनच म्हणाले.

टेकचंद नुसता येरझारा घालत होता. सकाळपासून त्याने तीनदा चहा मांडला आणि तीनदा उतू घालवला.

तीस वर्षे तो पडदे रंगवत होता. पडद्याचा रंग पातळच हवा, कापडात मुरलेला; कारण पडदा बांबूवर गुंडाळून गावोगाव न्यायचा. जाड रंग चढवणाऱ्या नवशिक्यांना तोच हसायचा. आणि या वेळी त्यानेच शेण खाल्ले होते.

मंडळीला घराचा पडदा हवा होता. टेकचंदने गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेले आपलेच घर काढले. पातळ रंगात ती मातीची भिंत काही केल्या भिंत वाटेना. मग त्याने रंगात चिकट सरस आणि धानाचा कोंडा कालवला आणि सारवल्यासारखे हाताने थर चढवले. त्याची माय, बायजाबाई, हिला डोळ्यांनी दिसत नव्हते. तिने त्यावर तळवा फिरवला.

"आपल्याच घरापुढची सपरी हाये गा. ह्या माह्या बोटाच्या रेघा."

तेव्हापासून ती रोज त्या पडद्यापाशीच बसायची.

वासुदेवरावांनी आत येऊन पडद्यावरच्या भिंतीवर नख ओढले. "गुंडाळलं का पापडासारखं तुटते हे. तुले मी सांगाले पायजे?"

"मले मालूम हाये. दुसरा बनवतो. आठ दिवस द्या."

"परवा मंडईच्या जत्रेत नाटक हाये. बिनपडद्याचं करू?"

टेकचंदमुळे नाटक अडले, असे आजवर झाले नव्हते. त्याला स्वतःचाच राग आला.

"सांजेले न्या," तो म्हणाला.

दुपारी माय झोपली तशी त्याने लोखंडी पत्ती घेतली. भिंतीचे थर खरवडून काढले. कोंडा पायाशी साचला. मग त्याने पातळ मातकट रंगाचा एकच हात मारला. दुरून भिंत पहिल्यापेक्षा बरी दिसत होती, आणि हेच त्याला फार लागले.

माय उठून चाचपडत आली. तळवा फिरवला. पुन्हा फिरवला, मग ओल्या रंगावर तसाच टेकवला.

"टेकचंद, आपलं घर पुन्हा बुडालं का गा?"

तिचा रंगलेला तळवा त्याने आपल्या सदऱ्याला पुसला.

संध्याकाळी वासुदेवरावांनी पडदा पाहिला. भिंतीवर म्हातारीचा पंजा उमटून वाळला होता.

"हे मिटवून टाक."

"राहू द्या," टेकचंद म्हणाला. "पातळच हाये. गुंडाळलं जाते."

आणि तो स्वतःच बांबू धरून गुंडाळायला बसला.