पांढऱ्याचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर. टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. रंग काळा, पण जिथे अंगठे टेकतात तिथे करडा पडलेला. बटणं सगळी चालतात. डाव्या अंगठ्याखालची दांडी मात्र सैल झाली आहे. कुणी तिला हात लावला नाही तरी खेळातला माणूस आपोआप डावीकडे चालू लागतो.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात स्प्रिंगा बसवल्या, दुसरीने झाकण लावून स्क्रू आवळले, तिसरीने प्रत्येक बटण दोनदा दाबून पाहिलं आणि ‘चालेल’ म्हणून पुढे सरकवलं. एवढंच माझं बालपण. पहिला मालक हरला की मला सोफ्यावर आपटायचा. त्याने मला विकलं तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानातून मला घरी आणलं ते मुंगीच्या बाबांनी.

मुंगी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे, ते पुढे पडलं. तिची आई आजारपणात गेली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी ग्रीसने माखलेले हात साबणाने घासून जेवायला बसायचे, आणि दोघंही ताटाकडे बघत जेवायची. मी आलो आणि त्या घरात बोलणं सुरू झालं, असं म्हटलं तर ती फुशारकी नव्हे.

त्यांचा खेळ एकच. विमान कोसळून माणूस बर्फाच्या बेटावर पडतो. तिथे जगून दाखवायचं. पडक्या घरांत आणि अडकलेल्या बोटींत खाण्याचे डबे, काडेपेट्या, जखमेवर बांधायच्या पट्ट्या शोधायच्या. मुंगी याला ‘लूट’ म्हणायची. पाठीवरच्या पिशवीत जागा दहाच वस्तूंची, त्यामुळे अकरावी हवी तर हातातली एक टाकायची.

“घे, घे, ती दोरी घे. लागेल,” बाबा शेजारून म्हणायचे.

“अरे बाबा, जागा कुठेय? काय टाकू, डबा की काडेपेटी?”

“दोन्ही ठेव. मला टाक.”

ती खुदकन हसायची. तीन काड्यांवर तिने एकदा आठ दिवस काढले, तेव्हा बाबा म्हणाले, “तू मुलगी नाहीस, मुंगी आहेस.” तेच नाव पडलं. दोघांनी मिळून बेटावर लाकडी खोपटं बांधलं. एकदा ती लांडग्यांच्या तावडीत सापडून मेली. त्या खेळात प्रत्येकाला एकदाच परत येता येतं. त्यानंतर ती जपून पावलं टाकायची आणि मला घट्ट धरायची. माझी दांडी सैल झाली ती त्याच घट्ट धरण्याने. मला त्याचा अभिमान होता.

मग बाबांनी दुसरं लग्न केलं.

नवी बाई औषधांच्या दुकानात काम करायची. आवाज हळू, चष्मा नाकाच्या टोकावर. घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी तिने मुंगीसमोर एक खोका ठेवला. आत पांढराशुभ्र नवा कंट्रोलर.

“आता दोघांना एकदम खेळता येईल,” ती म्हणाली.

मुंगीने तो घेतला. ‘छान आहे’सुद्धा म्हणाली नाही, पण घेतला. मला सोफ्यावर ठेवलं आणि त्याला मांडीवर.

मित्रांनो, त्या दिवशी माझा जो जळफळाट झाला तो कसा सांगू? त्याची दांडी सरळ. त्याची बटणं दाबली की आवाजसुद्धा येत नाही. मुंगीच्या ज्या अंगठ्यांनी मला करडं केलं, ते आता त्याच्यावर फिरत होते. त्याच्यावर चहा सांडावा, त्याच्या पोटातली स्प्रिंग तुटावी, असं काहीबाही माझ्या मनात यायचं.

रविवारी सकाळी बाबांना हमखास कामाचं बोलावणं यायचं, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असायचं. “तुम्ही दोघी खेळा,” म्हणून ते हत्यारांची पिशवी घेऊन निघायचे. मग मुंगीच्या हातात तो आणि बाईच्या हातात मी. तिची बोटं कोरडी होती, गोळ्यांची पाकिटं कापून कापून टोकं खरखरीत झालेली. मला ती मुळीच आवडली नाहीत.

पण त्या खोलीत जळणारा मी एकटा नव्हतो. स्वयंपाकघरातून बाबांच्या हसण्याचा आवाज आला की मुंगीचा चेहरा उतरायचा. बाबांना ती ‘तू’ म्हणायची, बाईला ‘तुम्ही’. तेही तोलून, परक्या पाहुण्याशी बोलावं तसं.

“काड्या किती उरल्या गं?” बाई विचारायची.

“नाहीत.”

“बरं.”

काड्या होत्या. नदीपलीकडे एका गुहेत मुंगीने सगळं लपवलं होतं. काड्या, पट्ट्या, डबे, फरचा कोट. बाई थंडीत कुडकुडत एकेक डबा शोधून खोपटातल्या आपल्या पेटीत टाकायची आणि मुंगी पांढऱ्याच्या मदतीने गुहा भरायची.

मी काय केलं तेही सांगतो. एके रविवारी बाई गोठलेल्या नदीवरून चालली होती. चष्मा पुसायला तिने अंगठा उचलला, दांडीने डावीकडे ओढलं, तिचा माणूस पातळ बर्फावर गेला आणि खाली. मी मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. पण मला वाईट वाटलं, असंही म्हणणार नाही.

“तुम्हाला चालतासुद्धा येत नाही!” मुंगी म्हणाली, आणि काठावर पडलेली बाईची पिशवी उचलून घेतली.

बाईची परत येण्याची एकमेव पाळी संपली. दुपारी बाबांनी मला उलटसुलट करून पाहिलं. “हा गेलाय कामातून. टाकून देऊ, दुसरा आणू.”

“राहू दे,” बाई म्हणाली. “उजवीकडे जरासा दाबून धरला की सरळ चालतो. कळलंय मला त्याचं.”

कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र विचार केला, हेच मुंगी म्हणाली असती तर!

पुढच्या रविवारी मुंगी पाणी प्यायला उठली, तेव्हा बाईला गुहा सापडली. लपवलेला ढीग पाहून तिचा अंगठा बटणावर थबकला. मग तिने भराभर उचलायला सुरुवात केली. काड्या, पट्ट्या, कोट. मी मनात म्हणत होतो, ने, सगळं ने! पोरगी रडेल, तो पांढरा भिरकावून देईल, मग मीच उरेन.

पिशवी पूर्ण भरली. बाईने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग तिने एकेक वस्तू काढून होती तिथे परत ठेवली. मुंगी तोंड पुसत आली तोवर ती नदीच्या अलीकडे पोचलीही होती. मला तिचा संताप आला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी बेटावर वादळ आलं. मुंगी खोपटाजवळ लाकडं तोडत होती, तेवढ्यात लांडग्याने तिचा पाय फाडला. कशीबशी आत शिरली. पडद्याच्या कडा लाल झाल्या, जीव किती उरला ते दाखवणारी रेघ झरझर आखडू लागली. पट्ट्या सगळ्या गुहेत, आणि गुहा नदीपलीकडे. ती मेली तर आता परत येणं नव्हतं. बेट संपणार होतं, आणि बाबांबरोबर बांधलेलं ते खोपटंही.

“माझ्याकडे काही नाही,” मुंगी रडवेल्या आवाजात म्हणाली. “मेले मी. मेलेच.”

“माझी पेटी उघड,” बाई म्हणाली.

“तुमच्या पेटीत काय असणार?”

“उघड म्हणते ना!”

बाई पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली होती. मुंगीने पेटी उघडली. डावी बाजू रिकामी. उजव्या बाजूला तीन पट्ट्या, एक काडेपेटी, चार डबे. मुंगीने पट्टी बांधली. लाल कडा विरल्या.

“हे कुणाचं?”

“तुझं. जे मिळेल त्यातलं अर्धं तुझ्या बाजूला टाकत होते.”

“पण मागच्या रविवारी तुम्ही भुकेने पडला होतात.”

“माझ्या बाजूचं संपलं होतं.”

“मग माझ्यातलं घ्यायचं ना!”

“तुझं होतं ना ते.” बाईने चष्मा काढला. “मी काही फार चांगली नाहीये गं. तुझी गुहा मला सापडली होती. पिशवीभर उचललं होतं मी. इतका राग आला होता.”

मुंगी पांढऱ्याकडे बघत राहिली. “बाबाला सांगितलंत?”

“नाही. ते आपल्या दोघींचं.”

त्या दिवशी त्या पुढे खेळल्या नाहीत. मुंगी उठून आत गेली आणि जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आली नाही.

पुढच्या रविवारी ती आधी येऊन बसली. बाई चहाचा कप ठेवून माझ्याकडे हात करणार, तोच मुंगीने मला उचललं.

“हा डावीकडे ओढतो,” ती म्हणाली. “मला सवय आहे. तू पांढरा घे.”

तू.

बाईने पांढरा घेतला. “बरं,” एवढंच म्हणाली. मग दोघी नदी ओलांडून गुहेत गेल्या आणि सगळी लूट दोन खेपांत खोपटात घेऊन आल्या.

मित्रांनो, मला हवं होतं ते मिळालं. मुंगीचे अंगठे परत आले, थोडे मोठे झालेले. पण खरं सांगू? दांडी ओढू लागली की मुंगी वैतागते, मला मांडीवर आपटते. आणि शेजारी तो पांढरा त्या कोरड्या, खरखरीत बोटांत निवांत असतो. त्याला तर सांभाळून धरायची गरजही नाही, तरी बाई त्याला सांभाळून धरते. माझा पुन्हा जळफळाट होतो.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. आमच्यासारखं एखादं जुनं काही वाकडं चालू लागलं, तर टाकून देण्याआधी थोडे दिवस हातात धरून बघा, त्याचं कळतं का ते. आणि ज्याने असं कळून घेतलं, त्याचे हात वेळीच ओळखा. मला ते ओळखायला फार उशीर झाला.