बिनपात्याचा वस्तरा

म्हाताऱ्या न्हाव्याचा हात थरथरू लागला, तशी गिऱ्हाइकं एकेक करून शेजारच्या खुर्चीकडे, त्याच्या मुलाकडे सरकली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "बाबा, तुम्ही बसा निवांत," एवढंच. निवांत बसणं म्हणजे जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसणं, हे त्या भल्या माणसांना कोण सांगणार!

एकटा कंपाउंडर तेवढा हटला नाही. दवाखान्यातून निवृत्त झालेला हा शाळेपासूनचा दोस्त दिवसाआड यायचा आणि म्हाताऱ्याच्याच खुर्चीत ऐसपैस बसायचा. "कर रे. कान तेवढे शिल्लक ठेव, चष्मा अडकवायला लागतात." कापलं की म्हातारा गालावर तुरटी फिरवायचा आणि हा ओरडायचा, "झोंबतंय! शाळेतला सूड उगवतोस होय रे?"

मग एकदा फेस लावताना म्हाताऱ्याच्या बोटांना गाल गुळगुळीत लागला. पठ्ठ्या घरूनच दाढी करून आला होता. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, रागही आला. मित्रानेच आपली कीव करावी? पण आरशात कंपाउंडर डोळे मिटून इतका सुखात बसला होता, की म्हाताऱ्याने मुकाट्याने वस्तऱ्यातलं पातं काढून फळीवर ठेवलं आणि नुसताच फेस उतरवला. तेव्हापासून हेच चाललं. याच्या गालाला दाढी नाही, त्याच्या वस्तऱ्याला पातं नाही, आणि गप्पा मात्र पोटभर.

यंदा कंपाउंडरची बायको गेली. भाजी निवडता निवडता, बसल्या जागी. त्यानंतर बरेच दिवस तो फिरकला नाही. आज आला आणि खुर्चीत बसला. म्हाताऱ्याने ब्रश फिरवला. बोटांना खुंट टोचले.

"घरी झाली नाही वाटतं?" म्हातारा बोलून गेला.

कंपाउंडरने आरशातून पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"गाढवा, गालांवर हात फिरवण्यात जन्म गेला माझा."

"मला कुठे जमते? तीच करून द्यायची. वर म्हणायची, जा आता, भावजींची खुर्ची रिकामी असेल."

म्हाताऱ्याने फळीवरचं पातं उचललं. ही एक दाढी त्याला स्वतःच्या हाताने करायची होती, वहिनींसाठी. पातं वस्तऱ्यात बसेना. बोटं ऐकेनात. शेवटी त्याने मुलाला हाक मारली.

"इकडे ये. काकांना उठवू नकोस, याच खुर्चीत कर."

मुलाने वस्तरा घेऊन पातं बसवलं. म्हाताऱ्याने मित्राचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. हात थरथरत होते की डोकं, कुणास ठाऊक. मुलगा थांबत थांबत वस्तरा फिरवत राहिला.

दाढी झाली. कुठे साधा ओरखडाही नव्हता.

"तुरटी लाव," कंपाउंडर म्हणाला.

"कशाला? कापलंय कुठे?"

"लाव रे. झोंबलं म्हणून रडता तरी येईल."